पडद्याच्या मागच्या बाजूचं गाढव

आई,

तुझं ते गाढव परवा मला पुन्हा भेटलं. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर, नातवाच्या मोबाइलमध्ये. तो सोफ्यावर आडवा पडून एकटाच खिदळत होता. अभ्यास सोडून काय चाललंय म्हणून मी रागवायला गेले, तर म्हणाला, "आजी, जुनं कार्टून आहे, सात मिनिटांचं. ते उडणारे सुपरहिरो असतात ना, त्यांची टर उडवलीय. बघ तरी." मी चष्मा शोधला, त्याच्याशेजारी टेकले आणि बघते तर काय, लाल पंचा पाठीवर सोडलेलं, विजारीवरून लंगोट घातलेलं तेच ते गाढव. मी त्याच्या हातातून मोबाइल ओढूनच घेतला. सगळं तेच होतं, आग तीच, शेळी तीच, शेवटचा हारसुद्धा तोच. पण काहीतरी खटकत होतं. शेळीचं घर डाव्या हाताला असायचं, ते उजवीकडे गेलं होतं. गाढव या बाजूनं यायचं, ते त्या बाजूनं येत होतं. "तू आधी बघितलंयस हे?" नातवानं विचारलं. मी म्हटलं, बघितलंय, पण मागून. त्याला काही कळलं नाही. मला मात्र कळलं, की सगळं आयुष्य गेल्यावर मी ते गाढव पहिल्यांदा पुढच्या बाजूनं बघतेय. तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात बसलंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि असतीस तरी तुला अक्षर लावून वाचावं लागलं असतं, हे ठाऊक आहे. तरी लिहिणार. एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय, आणि ती सांगितल्याशिवाय मी पेन खाली ठेवणार नाही. तुझीच मुलगी आहे.

आपण पिंपरीला कॅम्पाच्या कडेच्या चाळीत राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. नवे पैसे अजून यायचे होते, आणे चालत होते. फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं बराकींतून राहत होती आणि कॅम्पात रोज एक नवं दुकान उभं राहत होतं. आपण माणदेशातून आलेलो. आप्पा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर, आणि तू त्याच कारखान्यात उजेडाच्या टेबलावर. काचेखाली दिवा असायचा, त्याच्यावर एकेक बाटली धरून फिरवायची, बुडबुडा किंवा चीर दिसली की डाव्या टोपलीत, चांगली असेल तर उजव्या. तुझी नजर अशी, की घरात पाण्याचा तांब्यासुद्धा तू आधी उजेडाकडे धरायचीस. पण तू कायम नव्हतीस. दर दोन-तीन महिन्यांनी कागद नवा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी तो होईल की नाही या घोरात तू चार दिवस नीट जेवायची नाहीस. त्या वर्षी दिवाळीनंतर पाच बायकांना कायम करणार होते आणि त्यांत तुझं नाव होतं. भाकरी थापताना तू आप्पांना म्हणायचीस, "एकदा कायम झाले की मग कुनाच्या बाला भ्यायचं न्हाई." आप्पा म्हणायचे, "तू आत्ता तरी कुनाला भितीस?" ते खरंच होतं.

महिन्यातल्या एका शनिवारी कारखान्याच्या मैदानात सिनेमाची गाडी यायची. आदल्या दिवशी चाकणच्या बाजारात खेळ करून ती आपल्याकडे येई, त्यामुळे गाडीला कांद्याचा वास यायचा. दिवेलागणीला दोन बांबूंच्या मध्ये पांढरं कापड ताणायचे. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका, आणि कारखान्यासाठी ज्या गावच्या जमिनी गेल्या त्या गावातली माणसंही तशीच वाटून बसायची. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे, पण सगळीकडे तसंच होतं. कापडाच्या मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं दिसतं. नायक डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं बंदूक चालवतो. आपल्या बायकांना वाटायचं परदेशात सगळे डावरेच असतात. आधी शेतीखात्याचं काहीतरी, मग बातम्या, आणि शेवटी एखादा चितारलेला सिनेमा, इंग्रजी. तो समजावून सांगायला कारखान्याचा वेल्फेअरचा बाबू माइक घेऊन उभा राहायचा. पण भोंग्याचं तोंड पुरुषांकडे. मागे आपल्याकडे नुसती घरघर यायची. शेजारची सिंधी मावशी दर वेळी तुला कोपरानं ढोसायची, "क्या बोलता है? क्या बोलता है?" आणि एके दिवशी कंटाळून तू म्हणालीस, "मला काय म्हाईत? थांब, मीच सांगते."

तिथून ते सुरू झालं. पुढे बाबू सांगायचा, मागे तू सांगायचीस. त्याला निदान थोडं इंग्रजी यायचं, तुला अजिबात नाही, त्यामुळे तुझी गोष्ट जास्त चांगली व्हायची. पहिल्यांदा चार बायकांपुरतं बोलायचीस, मग दहा, मग मागून कुणीतरी ओरडायचं, "वैनी, उबं ऱ्हावून सांगा की." तू पदर खोचून उभी राहायचीस. घरी आप्पांपुढे आवाज चढवायची नाहीस, पण तिथं तुझा आवाज मैदानाच्या कुंपणापर्यंत जायचा. मला अभिमान वाटायचा आणि थोडी लाजही वाटायची, दोन्ही एकदमच.

त्या महिन्यात गाढव आलं. आता मला ठाऊक आहे, की तिकडच्या देशांत आकाशात उडणाऱ्या, अंगासरशी कपडे घालून जगाला वाचवणाऱ्या वीरांच्या गोष्टींचा तेव्हा सुळसुळाट होता आणि हे त्यांचं विडंबन होतं. पण आपल्यापैकी कुणी तसला वीर कधी बघितलेला नव्हता. आपल्याला उडणारा एकच माहीत, तो मारुती. बाबूनं पुढच्या बाजूला गंभीरपणे सांगितलं म्हणे, की हा एक महापराक्रमी वीर असून दीनदुबळ्यांचे रक्षण करण्यासाठी त्याने प्राण्याचे रूप धारण केले आहे. लाल वस्त्र बघून गावातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मग कोण हसणार? पुरुष सगळे कीर्तनाला बसल्यासारखे बसले होते. आणि मागे आपल्याकडे एका बाईनं विचारलं, "आगं, पर ह्यानं लंगोट इजारीवरनं का घातलाय?" तू म्हणालीस, "घाईत. आदी इजार घातली, मग आठिवलं." "आन छातीवर काय लिवलंय?" "धोब्याची खूण हाय. कापडं बदलू न्हाईत म्हनून."

गोष्ट साधी होती. कुठे कुणी वाचवा म्हणून ओरडलं, की हे गाढव कपाटामागे पळतं आणि पराक्रमाचे कपडे चढवायला लागतं. गुंड्या अडकतात, लंगोटाची नाडी सापडत नाही, पंचा उलटा बांधला जातो. तोवर म्हातारी शेळी कपडे भिजवलेल्या पाण्याची बादली ओतून आपल्या घराची आग आपणच विझवते. मग तिचं पिल्लू विहिरीत पडतं. गाढव कपडे बदलून येईतो शेळीनं दोर टाकून ते वर काढलेलं. प्रत्येक वेळी गाढव उशिरा येतं, छाती फुगवून उभं राहतं आणि काहीतरी बोलतं. शेवटी त्याचाच पंचा दारात अडकतो, ते उलटं लोंबकळायला लागतं आणि स्वतःच वाचवा म्हणून ओरडतं. शेळी सावकाश येते आणि तो पंचा चघळून खाऊन टाकते. गाढव धपकन सुटतं. तेवढ्यात गाव जमतं, गाढवाच्या गळ्यात हार पडतो, फोटो निघतो, आणि कोपऱ्यात शेळी लाल चिंधी चावत उभी असते.

हे बघताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण आलं ते सांगायला नको. बाटल्यांच्या खात्याचे सुपरवायझर. बाटली फुटून कुणाचा हात कापला, पट्टा अडकला, असं काही झालं की ते आधी आपल्या खोलीत जायचे, कोट घालायचे, टोपी घालायचे, खालपासून वरपर्यंत गुंड्या लावायचे आणि मग बाहेर येऊन म्हणायचे, "कुणी घाबरू नका, मी आलोय." तोवर तुम्ही बायकांनी पदराची चिंधी फाडून हात बांधलेला असायचा. आणि त्याच साली पंधरा ऑगस्टला, अपघाताच्या वेळी दाखवलेल्या तत्परतेबद्दल, साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर हार घातला होता. ज्या अपघाताबद्दल घातला त्यात कापलेला एका बाईचा हात तू बांधला होतास. तू घरी येऊन एवढंच म्हणालीस, "झेंडूचा हुता. चांगला दाट हुता."

म्हणून गाढव पहिल्यांदा छाती फुगवून उभं राहिलं, तेव्हा तू त्याच्या तोंडी घातलंस, "कुनी घाबरू नका, मी आलोय." अगदी त्याच आवाजात, नाकातून. आणि जो हशा उसळला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. सिंधी मावशी तर माझ्या अंगावरच कलंडली. दुसऱ्या वेळी तू सुरुवात करायच्या आधीच पन्नास बायका एका सुरात म्हणाल्या, "मी आलोय." पडद्याच्या त्या बाजूला पुरुष वाकून कापडाखालून बघायला लागले, की चित्र तर तेच आहे, मग या बायकांना झालंय काय? शेवटी हार पडला तेव्हा काही बायका हसता हसता रडत होत्या. घरी जाताना तू चालत नव्हतीस, तरंगत होतीस.

आता पुढचं. सुपरवायझरांची मुलगी माझ्या वर्गात, चौथीत, माझ्याच बाकावर. तिच्या फ्रॉकला कायम इस्त्री असायची आणि ती वाईट नव्हती. सोमवारी मधल्या सुट्टीत ती सांगत होती, की तिच्या वडिलांचा हाराचा फोटो आलाय, तो चौकटीत बसवून भिंतीवर लावलाय. तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "हार तर गाढवालाही घातला होता." तिला कळलं नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, नीट, न हसता, गुंड्यांपासून हारापर्यंत, आणि माझ्या आईनं कसं आवाज काढून दाखवलं तेही काढून दाखवलं. ती भांडली नाही. तिनं डबा मिटला आणि तास सुरू होईपर्यंत डब्याच्या झाकणाकडे बघत बसली. मला तेव्हा फार बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांनी तुला खोलीत बोलावलं. पुढच्या खेळाच्या वेळी, जिथं बोललीस तिथंच, सगळ्या बायकांसमोर उभं राहून माफी मागायची. नाहीतर कायम होणं राहू दे, नवा कागदही मिळणार नाही. खेळ त्याच गाढवाचा होता, कारण पुरुषांनीच मागणी केली होती, आम्हाला पुन्हा बघायचंय म्हणून. आप्पा म्हणाले, "माग माफी आन मोकळी हो. त्यात काय आपलं सोनं झिजतंय?" तू भाकरी परतत होतीस. म्हणालीस, "मागंन की. म्या न्हाई कुटं म्हनले?" मग तव्याकडेच बघत, "पर आपल्या बायकांतनंच कुनीतरी जीभ सैल सोडली. त्याबिगर ह्येंच्या कानावर कसं गेलं?" आणि तुझं तूच उत्तर दिलंस. मावशी घरोघर पापड विकायची, आणि त्या मंगळवारी सकाळी सुपरवायझरांच्या दारातून बाहेर पडताना तू तिला बघितली होतीस. "पापडासंगं बातमीबी इकली," तू म्हणालीस. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि दुसरा घेतला.

त्या वेळी आपल्याकडे मावशीची पितळी वाटी होती. आदल्याच आठवड्यात तिनं त्यातून पालकाची भाजी पाठवली होती. आपल्याकडे कुणाची वाटी रिकामी परत जात नाही; घरात काही नसलं तर तू चिमूटभर साखर घालायचीस, तीही नसली तर चार दाणे शेंगांचे. आणि मावशीनं हे आपल्याकडूनच उचललं होतं, कधी कधी एकच वाटी दोन्ही घरांत महिनाभर फिरायची. त्या संध्याकाळी तू ती वाटी राखेनं लख्ख घासलीस, फडक्यानं कोरडी केलीस, सवयीनं उजेडाकडे धरून बघितलीस आणि माझ्या हातात दिलीस. "देऊन ये." मी म्हटलं, "आत काय?" तू म्हणालीस, "काय न्हाई." मला अख्ख्या आयुष्यात कुणी एवढं जड काही उचलायला दिलेलं नाही.

मावशी दारात पापड वाळत घातलेले गोळा करत होती. तिनं वाटी घेतली, आत बघितलं. मग पालथी करून बघितली, जणू खाली काही चिकटलं असेल. मग माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं आणि मी तिला सगळं सांगून टाकलं, बाक, फोटो, गाढव, सगळं. ती खाली बसली, माझं नाक आपल्या ओढणीनं पुसलं आणि म्हणाली, "माँ को मत बोलना, पुट. तुझी आई लडाई पे है. तिला माझ्यावर राग हाय ना, तर राहू दे. मी मोठी आहे. मला काय होते?" तिचं मराठी तसलंच होतं, तीन ठिकाणचं; पुट म्हणजे त्यांच्यात बाळ. वाटी तिनं आत ठेवली. मी घरी आले, तू विचारलंस, "काय म्हनाली?" मी म्हटलं, "काय नाही."

खेळाचा शनिवार आला. सुपरवायझर मागच्या बाजूला, बायकांकडे, बांबूला टेकून उभे राहिले, माफी ऐकायला. कोट, टोपी, सगळं. त्यांच्या बोटाला धरून त्यांची मुलगी होती. पुढच्या बाजूचे पुष्कळ पुरुषही या ना त्या निमित्तानं पडद्याला वळसा घालून मागे आले होते. मावशी सगळ्यात शेवटी, एकटी बसली होती. तू पदर खोचून उभी राहिलीस. मला वाटलं आता तुझा आवाज फुटणार नाही. तो नेहमीपेक्षा स्वच्छ आला. "बायांनो, मागल्या बारीला माजी चूक झाली. म्या गाढवाच्या तोंडात सायबांचं बोलनं घातलं. ते मी परत घेते. ह्ये गाढाव म्हंजी आपलं सायब न्हवंत. सायब येगळं, गाढाव येगळं. खेळ संपस्तवर समद्यांनी ध्यानात ठिवा." सुपरवायझरांनी मान डोलावली. माफी झाली होती. ते जायला निघाले, पण पडदा उजळला आणि तू बसली नाहीस.

"बगा, आग लागली," तू म्हणालीस. "गाढाव ऐकतंय. सायब न्हवंत, गाढाव." बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. "गाढाव कपाटामागं गेलं. सायब असं कंदी जात न्हाईत. गाढवाच्या गुंड्या अडाकल्या. सायबांच्या गुंड्या पटदिशी लागत्यात." कुठून तरी एक फुसकन आवाज आला. "आता शेळीनं आग इझवली, आन आत्ता गाढाव आलं. सायब येळंवर येत्यात." तुझा चेहरा इतका गंभीर होता, की शाळेतले गुरुजीसुद्धा एवढे गंभीर नसतील. तू हसली नाहीस, आवाज बदलला नाहीस, नाकातून बोलली नाहीस. प्रत्येक वाक्यात माफी मागत होतीस. आणि बायका फुटल्या. बायकांच्या मागे पुरुष फुटले. बाबूनं त्या बाजूला माइक खाली ठेवला म्हणतात, कारण तिथं ऐकायला कुणी उरलंच नव्हतं. सुपरवायझरांना जाताही येईना, थांबताही येईना. त्यांचा हात आपसूक वर गेला आणि कोटाची लागलेली गुंडी त्यांनी पुन्हा एकदा चाचपली. ते सगळ्यांनी बघितलं.

मग शेळीनं पंचा खाल्ला, गाव जमलं, आणि हार आला. सगळं मैदान श्वास धरून तुझ्याकडे बघत होतं, की आता ही काय म्हणते. तू पडद्याकडे बघितलंस, मग बांबूकडे बघितलंस. माझी नजर तुझ्या नजरेमागून गेली. ती मुलगी तशीच बोट धरून उभी होती आणि तिच्या वडिलांकडे वर बघत होती. तू एवढंच म्हणालीस, "हार घातला. झालं. संपला खेळ." आणि खाली बसलीस. घरी येताना आप्पा म्हणाले, "हाराला का सोडलंस? त्योच तर खरा घाव हुता." तू म्हणालीस, "पोरगी हुती संगं. बापाचा हार पोरीम्होरं कशाला काढायचा?"

आई, त्या वाक्यावर मी रस्त्यात थांबले होते. तुला वाटलं माझ्या पायात काटा मोडला. तू वाकून माझा तळवा बघितलास, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडाकडे धरून, बाटलीसारखा. काही सापडलं नाही.

माफी मागितली नाही असं कुणालाच म्हणता येईना. शंभर माणसांनी ऐकली होती, आणि एकदा नाही, वीसदा. साहेबांपर्यंत गेलं तेव्हा साहेबही म्हणे रुमाल तोंडावर धरून खोकले. तुझा नवा कागद झाला. पण कायम करायच्या यादीतून नाव गेलं, आणि उजेडाच्या टेबलावरून तुला हौदावर टाकलं. परत आलेल्या जुन्या बाटल्या कढत पाण्यात, सोड्यात धुवायच्या. दोन दिवाळ्या तू ते केलंस. बोटांची कातडी सोलून निघायची, रात्री खोबरेल लावून हात उताणे मांडीवर ठेवून बसायचीस आणि मी विचारलं, दुखतं का, की म्हणायचीस, "दुकंल न्हाई तर काय. पर हौदावरनंबी कायम हुता येतं." आणि झालीस. हौदावरूनच झालीस. ज्या दिवशी कागद मिळाला, त्या दिवशी तू तो मला तीनदा वाचायला लावलास, आणि मग आमच्यासाठी गुळाचा शिरा केलास. एक वाटी भरून बाजूला काढलीस. मला वाटलं, ही आता मावशीकडे जाणार. तू दारापर्यंत गेलीस, उंबऱ्यात उभी राहिलीस आणि परत फिरलीस. वाटी मला दिलीस. "खा तू." मी खाल्ली.

मावशी त्यानंतर वर्षाच्या आत कॅम्पात आत, मुलाच्या दुकानामागे राहायला गेली. जाताना ती सगळ्यांच्या दारात आली, आपल्याही आली. तू "बरं हाय" म्हणालीस. त्या पलीकडे तुम्ही दोघी कधी बोललात असं मला माहीत नाही.

परवा मोबाइलवर मी ते कार्टून चार वेळा बघितलं. नातवानं मला त्यातलं इंग्रजी सांगितलं. आणि मला एक नवल कळलं, की त्यात शेळी एक अक्षरही बोलत नाही. अगदी शेवटपर्यंत. तिचं सगळं बोलणं तुझं होतं. आग विझवताना ती म्हणायची, "कुनाची वाट बगत बसू?" ते कुठेच नाही, ते तू घातलं होतंस. मी ते नातवाला सांगितलं, तुझ्या आवाजात, तुला जमायचं तसं मला जमत नाही, तरी तो पोट धरून हसला. मग त्यानं विचारलं, तुमच्या वेळचे सुपरहिरो कोण होते? मी म्हटलं, आमच्याकडे फक्त शेळ्या होत्या. एक चाळीत आमच्या घरी, आणि एक शेजारी.

कॅम्पातलं ते दुकान अजून आहे. पापडाचं नाही आता, कपड्यांचं आहे, मावशीची नातसून गल्ल्यावर बसते. माझी सून म्हणते, पिंपरीला या गर्दीत कशाला जाता, काय हवं ते घरी मागवू. पण मी ठरवलंय. उद्या सकाळी शिरा करायचा, गुळाचा, पितळी वाटी कालच आणून ठेवलीय, ती भरायची, आणि रिक्षा करून जायचं. त्या नातसुनेला काही कळणार नाही. मी तिला पहिल्यापासून सांगेन, गुंड्यांपासून.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? घडी करून डब्यात ठेवीन, तुझ्या कायमच्या कागदाबरोबर. पण सांगायचं राहिलेलं ते हे, आई. बातमी मावशीनं विकली नाही, मी सांगितली, हे तर तुला एव्हाना कळलंच. पण तेवढंच नाही. मावशीनं आईला सांगू नको म्हटलं म्हणून मी गप्प राहिले, असं मी सगळ्या आयुष्यात स्वतःला सांगत आले, आणि वरही तसंच लिहून गेले. तिचं बोलणं तिथं संपलं नव्हतं. माझं नाक पुसून झाल्यावर ती म्हणाली होती, "शनिवार होने दे. फिर बोल दे."